कुठे गेला पाव तास

नवऱ्याच्या गाडीचे पुढचे दोन दिवे दोन रंगांचे होते. डावा मागे एकदा गेला, तेव्हा मेकॅनिककडे त्याच जातीचा मिळाला नाही. "तात्पुरता हा लावून देतो," म्हणत त्याने पांढराफटक दिवा बसवला. उजवा मूळचाच राहिला, पिवळसर. त्या घरात तात्पुरतं म्हणून जे जे आलं ते मुक्कामालाच राहिलं होतं. बेडरूममधलं घडीचं टेबल, लेकीच्या, छोटीच्या खिडकीला पडदा म्हणून टांगलेली जुनी चादर, आणि शहराबाहेर राहायला येणंसुद्धा. दिव्याचंही तसंच झालं. पण त्यामुळे संध्याकाळी हमरस्त्यावरच्या शेकडो दिव्यांतून ती एक पांढरा, एक पिवळा अशी जोडी तिला कामाच्या पडद्यावर चटकन सापडायची.

सापडायला नको होती. कॅमेरे रस्ता बघायला आहेत, माणसं बघायला नाहीत, असं कामावर लागताना तिला बजावून सांगितलं होतं.

ती शहराच्या सिग्नलांवर लक्ष ठेवायची. पूर्वी हे काम शहरात एका मोठ्या, थंडगार खोलीत चालायचं. मग ठेकेदार कंपनीच्या लक्षात आलं की चौकातले दिवे बदलायला सगळ्यांनी एका खोलीत बसायची काही गरज नाही. खोली सोडून दिली आणि ज्याने त्याने आपापल्या घरून चौक सांभाळावेत असं ठरलं. तिच्या वाट्याला शहराच्या या कडेचे चौक आले. त्यातला शेवटचा तिच्या स्वतःच्या कॉलनीचा होता. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

बहुतेक वेळ यंत्रणा आपलं आपण बघायची. रस्त्यात पुरलेल्या तारांवरून किती गाड्या गेल्या हे मोजायची आणि कोणाला किती वेळ हिरवा द्यायचा ते ठरवायची. कुठे ट्रक बंद पडला, कुठे पाण्याचा पाइप फुटला, तरच तिने हात घालायचा. पण कॉलनीत सगळ्यांची समजूत अशी की ही बाई घरात बसून एकेकाला बघून दिवे लावते.

"काय वहिनी, आज मुद्दाम लाल दिलात ना आम्हाला?" लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे वकील विचारायचे.

"परवाच्या मीटिंगमध्ये तुम्ही मधेच झोपलात ना, म्हणून," ती म्हणायची. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायची, ती बाहेर पडायची, आणि ओठांवरचं हसू दाराच्या आत येईस्तोवर उतरलेलं असायचं.

ते राहायला आले तेव्हा इथे एकच इमारत होती आणि समोर उघडं रान. आता नजर जाईल तिथे टॉवर उभे होते, निम्मे दिवे लागलेले, निम्मे अंधारात. तळं बुजवून बांधलेल्या इमारतींना तळ्याचं नाव होतं आणि झाडं तोडून बांधलेल्यांना वनाचं. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. चौकाच्या तोंडाशी भला मोठा फलक होता, 'शहरापासून फक्त तीस मिनिटं'.

"खोटं कशाला म्हणायचं," सासूबाई म्हणायच्या. "पहाटे तीनला, मोकळ्या रस्त्याने, बायकोशी भांडून निघालं तर लागतात तीसच."

नवरा शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये यंत्रं दुरुस्त करायचा. श्वास देणारी, रक्त गाळणारी, हृदयाची रेघ काढणारी. ती यंत्रं घरून दुरुस्त होत नाहीत. तो सकाळी छोटी शाळेच्या बसमध्ये चढायच्या आधी निघायचा आणि ती झोपल्यावर परत यायचा. सकाळी लवकर उठायचं म्हणून साडेआठला छोटीच्या खोलीतला दिवा बंद व्हायचा, आणि नवऱ्याची बेल त्यानंतर वाजायची. बापलेकीने मिळून एका वाट चुकलेल्या देवमाशाचं पुस्तक वाचायला घेतलं होतं. रविवारी एखादं पान व्हायचं, तेही बाबाचे डोळे मिटेपर्यंत. मासा कित्येक रविवार एकाच खाडीत अडकून पडला होता.

अशाच एका रविवारी धुतलेली भांडी पुसता पुसता नवरा म्हणाला, "आमच्या विभागातला एक जण हॉस्पिटलजवळ खोली घेतोय. दोन खाटा आहेत. दुसरी मी घेतो का विचारत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिथे. शनिवार-रविवार इथे."

"तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो. महिनाअखेरीला सांगायचंय."

नळ गळतोय, प्लंबरला बोलवायला हवं, हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात त्याने हे सांगितलं. तो चिडून बोलला असता तर तिलाही चिडता आलं असतं. त्याने ताट पुसलं, उजेडात धरून बघितलं, रॅकमध्ये ठेवलं आणि पुढचं घेतलं.

सोफ्यावरून सासूबाईंनी मान वळवली. "म्हणजे पाहुणा होणार तू. मग मी पाहुण्यांना उठून पाणी देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"आई, अजून काही ठरलं नाहीये."

"न ठरवताच होतं बाबा सगळं. इथे यायचं तरी कुठे ठरवलं होतं आपण?"

त्या रात्री तिला झोप लागेना. ती इंजिनिअरिंग शिकलेली होती, आणि डोकं जड झालं की गोष्टी मांडून बघायची तिची सवय होती. तो शुक्रवारी येणारा माणूस झाला की छोटी हळूहळू शुक्रवारची सवय करून घेणार. आपणही घेणार. सवय लागते, हेच तर भीतीचं होतं. पण तो लेक झोपायच्या आत घरी पोहोचला तर? मग खोलीचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी किती वेळ हवा? जेमतेम पाव तास. आणि तो पाव तास जातो कुठे? कॉलनीच्या चौकात, उजवीकडे वळायच्या रांगेत. हिरवा होतो, थोड्या गाड्या सुटतात, लाल होतो, आणि ती पांढरी-पिवळी जोडी तिथल्या तिथे. हे तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

सोमवारी संध्याकाळी तिने जुन्या वस्तीकडून येणाऱ्या आडव्या रस्त्याचे काही सेकंद काढून घेतले आणि उजवीकडे वळणाऱ्या रांगेला दिले. यंत्रणेने कारण विचारलं. 'रांगेची लांबी,' तिने लिहिलं. ते खरंच होतं. जुन्या वस्तीच्या रस्त्यावर वाहनं तशी कमीच. थोड्या दुचाकी, एखादा टेम्पो, मधूनच बस. थोड्या वेळाने पडद्यावर हिशोब आला, चौकातलं एकूण खोळंबणं कमी झालं होतं. आपण काही चोरलं आहे असं त्या आकड्याकडे बघून तिला वाटलं नाही.

पांढरी-पिवळी जोडी त्या दिवशी एका दमात वळली. ती उठली. तिने जेवण गरम करायला ठेवलं आणि छोटीला सांगितलं, "झोपू नकोस हं. आज बाबा येईल लवकर."

छोटी पुस्तक पोटावर घेऊन बसली, मग आडवी झाली, मग पुस्तकासकट झोपली. सासूबाईंनी तिच्या खोलीतला दिवा बंद केला. आणि मग बेल वाजली. रोजच्याच वेळेला.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, गेटवर कोणी अडवलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, लिफ्ट बंद असेल. तिसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा ती जेवताना त्याच्याकडे बघत राहिली.

"आज ट्रॅफिक कसं होतं रे?"

"होतं नेहमीसारखं."

"चौकात?"

"चौकात बरं असतं हल्ली. पटकन सुटतो."

"मग?"

"मग काय?"

तो खाली मान घालून जेवत होता. तिने पुढे विचारलं नाही. एका टोकाने पाणी घातलं आणि दुसऱ्या टोकाला आलं नाही तर मध्ये कुठेतरी गळती असते, एवढं तिला नक्की माहीत होतं. चौकापासून गेटपर्यंत रस्ता सरळ आणि मोकळा. तेवढ्यात पाव तास गळतो तरी कुठे? मनात नको नको ते आलं. एखाद्या टॉवरमध्ये कोणी ओळखीचं असेल. ओळखीची असेल. भांडी आवरताना तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही विचार काही गेला नाही.

दरम्यान सासूबाईंची कुरकुर सुरू झाली होती. कॉलनीत त्यांच्या वयाचं बोलण्याजोगं कोणी नव्हतं. म्हणून त्या रोज दुपारी बसने हमरस्त्यापलीकडच्या जुन्या वस्तीत जायच्या, दोन मैत्रिणींबरोबर पत्ते कुटायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. आता त्या दिवे लागून बराच वेळ झाल्यावर येऊ लागल्या. एक दिवस दारातच चप्पल काढत त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

"आज परत लटकलो त्या चौकात! अगं, हिरवा होतो, ड्रायव्हर गिअर टाकतो, पुढचा टेम्पो हलतो, की लाल! तीनदा, चारदा. माझ्या गुडघ्याला विचार काय झालं ते."

"बसायला जागा नाही मिळत का, आई?"

"मिळते की. कोणी उतरलं तर. आणि बस हललीच नाही तर उतरेल कुठे, त्या फलकावर?" त्यांनी सोफ्यावर अंग टाकलं. "तुझंच खातं ना गं ते? कोणाला बसवलंय तुमच्या लोकांनी त्या दिव्यापाशी? डोळे मिटून बसतं की काय मेलं!"

तिच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला.

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने त्या आडव्या रस्त्याचा कॅमेरा मोठा करून लावला. बस आली. आतले दिवे लागलेले होते, आणि खिडक्यांमधून डोकी दिसत होती, बसलेली खाली, उभी वर, दांड्याला धरलेले हात. हिरवा झाला, टेम्पो हलला, लाल झाला. बस तिथेच. पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. शेवटी एकदाची ती तारांवरून गेली आणि कोपऱ्यातला आकडा एकाने वाढला.

एकाने. गुडघे धरून उभ्या असलेल्या सासूबाई, दांड्याला लोंबकळणारी ती सगळी माणसं, ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे मिळून एक वाहन. आणि उजवीकडे वळणाऱ्या रांगेत प्रत्येक गाडीत एकेक माणूस, तेही एकेक वाहन. तारांना आत कोण आहे ते कळत नाही. कॉलेजात असताना ती हे शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि पडद्यावरचा आकडा चांगला दिसला म्हणून दोन आठवडे तिने त्यावर विश्वास ठेवला होता.

बरं, गाड्यांचं तरी भलं झालं होतं म्हणावं, तर तेही टिकत नव्हतं. हे वळण लवकर सुटतं हे लोकांच्या फोनमधल्या नकाशांना कळलं होतं. पलीकडच्या टॉवरवाले, जे आजवर पुढच्या चौकातून फिरून जायचे, तेही आता इकडूनच वळायला लागले होते. रांग पुन्हा वाढत चालली होती. एवढं करून तिने काय केलं होतं? सासूला उभं ठेवलं होतं आणि अनोळखी लोकांना बोलावून आणलं होतं. नवऱ्याची बेल अजून जुन्याच वेळेला वाजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरच्या सरांचा फोन आला. तेही घरूनच काम करायचे. मागे मिक्सरचा आवाज येत होता.

"त्या शेवटच्या चौकाचं काय केलंयस? बसवाले बोंबलतायत."

"वळणाऱ्या रांगेला वेळ वाढवला होता, सर."

"का?"

मिक्सर थांबला.

"तुझं घर तिकडेच आहे ना?"

"हो."

"हे बघ, कोणासाठी केलंस ते मी विचारत नाही. माझा जावई रोज माझ्याच चौकात अडकतो आणि रोज मला शिव्या घालतो. मी त्याला एक सेकंद दिला नाही. लेकीने अबोला धरला तरी नाही. कळलं?"

"चूक माझीच आहे, सर."

"उद्या सकाळी पूर्ववत पाहिजे." मग आवाज थोडा उतरला. "दमलीयस का? दमली की माणसं अशी कामं करतात."

"नाही, सर," ती म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी पांढरी-पिवळी जोडी वळताना दिसली तेव्हा तिची कामाची वेळ नुकतीच संपली होती. तिने लॅपटॉप मिटला, कचऱ्याची बादली उचलली, "आलेच" म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरली. उद्यापासून पाव तास उरणार नव्हता. तो कुठे जातो हे शोधायला एवढी एकच संध्याकाळ होती.

शोधायला काही लागलं नाही. त्यांची पार्किंगची जागा समोरच्या विंगला लागून होती. गाडी तिथे नीट लावलेली होती, दिवे बंद, इंजिन बंद. आत नवरा होता. सीट थोडी मागे पाडलेली, हात मांडीवर. फोनवर बोलत नव्हता, गाणी ऐकत नव्हता, झोपलेलाही नव्हता. काचेतून वर कुठेतरी बघत होता.

ती बादली घेऊन तशीच उभी राहिली. त्याने तिला पाहिलं. दचकला नाही. हात लांब करून त्याने पलीकडचं दार उघडलं, आणि ती बादलीसकट आत जाऊन बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बसतोय तसा बरेच दिवस. आधी थोडा वेळ बसायचो. आता चौकात लवकर सुटतो, तर जास्त."

"तो वेळ मी दिला होता तुला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दुसरं कोण देणार? इतकी वर्षं त्या दिव्याला कधी माझी दया आली नव्हती."

तिला हसू येता येता राहिलं. "मग वर का नाही आलास?"

त्याने मांडीवरचे हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "रागावशील."

"रागवायला जीव लागतो अंगात. बोल तू."

"वर आलो की लगेच कोणीतरी व्हावं लागतं गं. तिचा बाबा, आईचा मुलगा, तुझा नवरा. तिकडे दिवसभर यंत्रवाला. रस्त्यात म्हणशील तर रस्त्यात पुढच्याचे ब्रेकलाइट बघायचे असतात. इथे एवढाच वेळ कोणाला काही नको असतं माझ्याकडून."

"पण छोटी जागी असते. वाट बघते."

"बघतो ना." त्याने हनुवटीने वर दाखवलं. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर जुन्या चादरीमागे उजेड होता. "इथून दिसते खिडकी. दिवा बंद झाला की वर येतो."

ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे, कधी कधी?"

"कधी कधी नाही," तो खिडकीकडे बघतच म्हणाला. "रोजच. ती पुस्तक आणते, आणि मला अक्षरं दिसत नाहीत. मागे एकदा खेकसलो होतो तिच्यावर, आठवतंय? तिने मुकाट्याने पुस्तक मिटलं होतं. तसं परत करण्यापेक्षा झोपू दे तिला, असं वाटतं. खोलीचाही विचार त्यातूनच आला. तिथे निदान खिडकीकडे बघत बसावं लागणार नाही."

वर दिवा बंद झाला. सासूबाईंनी छोटीला झोपवलं असणार. गाडीत अंधार होता तो तसाच राहिला. दोघंही हलले नाहीत.

तिने आपल्या सेकंदांचा विचार केला. रस्त्यावरचा वेळ कमी केला की तो घरात जमा होईल, असं तिने किती सरळपणे मांडलं होतं. मधे माणूस आहे आणि तो भरला आहे काठोकाठ, हे त्या मांडणीत कुठेच नव्हतं.

"मला हे मिळत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हे, मधलं. माझ्या ऑफिसातून ओट्यापर्यंत यायला चार पावलं लागतात. हेडफोन काढला की कांदा चिरायला घेते. कधी कधी वाटतं, उगाच जिना उतरून चढून यावं."

"मग येत जा की खाली. बादली घेऊन."

"गाडी तुझ्याकडे असते."

"मी आल्यावर ये. फक्त बोलू नकोस."

"आणि खोली? ती घ्यायची तर घे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बरा लागला. "पण एकटं राहायला मिळेल म्हणून घेणार असशील, तर तिथे तो दुसरा असणार आहे. घोरतो का?"

"घोरत नाही. बोलतो. सतत."

ती बादली रिकामी करायला गेली. तो गाडी लॉक करून तिच्यासाठी लिफ्टपाशी थांबला.

सकाळी कामावर बसल्या बसल्या तिने चौक पूर्ववत केला. यंत्रणेने कारण विचारलं. ती थोडा वेळ थांबली आणि तिने लिहिलं, 'बसमध्ये माणसं असतात.' मग ते खोडून नियमाप्रमाणे लिहिलं, 'मूळ वेळापत्रक'.

संध्याकाळी सासूबाई लवकर आल्या, त्या एखादा किल्ला जिंकल्यासारख्या. "बघितलंस? ओरडल्याशिवाय काही होत नाही. आज बस एका दमात सुटली! ड्रायव्हरच बावचळला, म्हणाला, चुकून दुसऱ्या गावात आलो की काय."

"बरं झालं, आई."

"तू बोललीस ना तुझ्या लोकांशी?"

"बोलले."

पडद्यावर पांढरी-पिवळी जोडी उजवीकडच्या रांगेत उभी होती. हिरवा झाला, लाल झाला. जोडी थोडी पुढे सरकली. पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. तिचा हात माउसवर होता. नुसतं बोट टेकवलं असतं तर गाडी सुटली असती. तिने हात उचलला आणि मांडीवर ठेवला. कॅमेरा बंद मात्र केला नाही. ती गाडी उभी राहिली तेवढा वेळ तीही बघत बसली, आणि गाडी वळल्यावर लॅपटॉप मिटला.

"आई, हा आला की थोडा वेळ खाली गाडीतच बसणार आहे. मग येईल वर," ती म्हणाली.

"का? खाली काय पुरून ठेवलंय?"

"दमतो."

काहीतरी खरमरीत येणार म्हणून ती थांबली. सासूबाई मात्र आपल्या गुडघ्यावर तेल चोळत राहिल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "याचे वडीलसुद्धा कामावरून आले की पायरीवर बसायचे. बूट न काढता. आत पाऊल ठेवायचे नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत. मीही रुसायची मग. कधी विचारलंच नाही." त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "जा तू. हिच्याकडे मी बघते."

छोटीने पुस्तकातून मान वर केली. "मग मी जागी राहू की झोपू?"

"तुला हवं ते कर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच हे उत्तर मिळाल्यामुळे छोटी जरा गोंधळली.

ती खाली गेली तेव्हा गाडी नुकतीच लागत होती. आज उशीर झाला होता, चौकाने आपला पाव तास वसूल केला होता. इंजिन बंद झालं, पांढरा आणि पिवळा दोन्ही दिवे विझले. ती पलीकडच्या दाराने आत बसली. आज बादली आणायला विसरली होती. त्याने सीट मागे पाडली, तिनेही. सीट मागे पाडल्यावर मान कशी सैल सुटते ते तिला प्रथमच कळलं. समोरच्या विंगमध्ये कोणीतरी कपडे काढून घेत होतं. कुठेतरी टीव्ही चालू होता. कोणाला काही नको होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "खोलीला नाही म्हणून सांगितलं."

"का?"

"तिथे पार्किंग नाही."

ती हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने तसंच राहू दिलं. तोही हसला, आवाज न करता, खांदे हलवत.

छोटीची झोपायची वेळ केव्हाच टळून गेली होती. तिसऱ्या मजल्यावर चादरीमागे उजेड अजून होता. चादरीचं एक टोक उचललं गेलं, खाली पडलं, परत उचललं गेलं. त्याने ते पाहिलं. त्याने पाहिलं हे तिने पाहिलं, आणि ती पार्किंगच्या खांबाकडे बघत राहिली. 'चल' म्हणायचं तिच्या जिभेवर होतं. ते तिने तिथेच ठेवलं.

सीट सरळ केल्याचा खटका वाजला. त्याने किल्ली काढली, चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि दार उघडलं.

"मासा कुठवर आला होता आपला?" त्याने विचारलं.

"खाडीतच आहे अजून."

"एकच पान हं," तो म्हणाला, आणि दोघं जिन्याकडे चालू लागले.